पहिली खरवड समोरच्या दुकानात

मी एक जुना बिडाचा टोप आहे. मित्रांनो, आपलं आयुष्य सांगायला बसणाऱ्या वस्तू बहुधा अडगळीत पडलेल्या असतात आणि तिथून उसासे टाकतात. माझं तसं नाही. मी अजून रोज सकाळी नऊ वाजता चुलीवर चढतो आणि बाराच्या आत उतरतो. उसासे टाकायला मला दुपारी वेळ मिळतो, तोही घासून झाल्यावर.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. त्या दिवशी साचा जरासा कलला होता. त्यामुळे माझा तळ एका बाजूला बोटभर जाड झाला आणि दुसऱ्या बाजूला पातळ राहिला. माल तपासणारे गृहस्थ प्रत्येक टोपाला हातोडीने वाजवून बघत. माझ्या बरोबरीचे टोप घंटेसारखे घुमले. मी नुसता ‘टण्’ असा वाजलो आणि गप्प झालो. त्यांनी माझ्या पोटावर खडूने फुली मारली आणि मला कोपऱ्यात सरकवलं. पुढे बऱ्याच वर्षांनी एका पाहुण्याने याच तळाचा फोटो काढला आणि खाली ‘जुन्या कारागिरीचा दुर्मिळ नमुना’ असं लिहिलं. मधल्या काळात फुली पुसली गेली होती. बाकी माझ्यात काही सुधारणा झाल्याचं मला आठवत नाही.

त्या कोपऱ्यातून मला एका नवरा-बायकोने उचललं. ते नवीन खानावळ काढत होते आणि त्यांच्याकडे उत्साह भरपूर व भांडी कमी होती. खानावळ म्हणजे सहा टेबलांची एक खोली. तिच्यामागे स्वयंपाकघर, आणि दोन्हींच्या मधे वाढायची एक खिडकी. चुलीवरून आणि उतरवल्यावर ओट्यावरूनही मला त्या खिडकीतून सगळी टेबलं दिसतात, त्यांच्यापलीकडे रस्ता आणि रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान. जग बघायला एवढं पुष्कळ आहे. फार फिरलेल्या माणसांनाही याहून जास्त काही दिसल्याचं त्यांच्या बोलण्यावरून वाटत नाही.

माझ्यात तेव्हा हाडांच्या रश्शात कांदा घालून भात शिजवत. भात असा व्हायचा की कोणी तक्रार करत नसे आणि कोणाला तो संध्याकाळपर्यंत आठवतही नसे. रोज पंधरा-वीस माणसं येत, जेवत, जात. त्यांत रोजचा असा एकच होता, समोरचा शिंपी. तो एकटा राहायचा आणि त्याला स्वतःच्या हातचं खायची भीती वाटायची.

एके दिवशी नवरा-बायकोचं भांडण जुंपलं. सासूबाई गाडीने येणार होत्या आणि त्यांना आणायला कोणी जायचं हा मुद्दा होता. मुद्दा छोटा होता, पण दोघांनी त्याला खतपाणी घालून मोठा केला. त्या गडबडीत मी चुलीवर राहिलो. वरचा भात गिऱ्हाइकांना वाढून संपला, आणि शिंपी जेवायला आला तेव्हा माझ्या तळाशी फक्त चिकटलेला थर उरला होता. बाईंनी तो उलथन्याने खरवडून काढला आणि ओशाळून त्याच्यापुढे ठेवला. जाड तळाच्या बाजूला तो सोनेरी होता, पातळ बाजूला तांबूस, आणि सगळा कुरकुरीत.

शिंप्याने शेवटचा कणही बोटाने टिपून खाल्ला. दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी आला.

“वहिनी, कालचं आहे का?”

“अहो, तो अपघात होता काल.”

“मग आजही होऊ द्या. मी थांबतो.”

खरवडीचा जन्म असा झाला. पहिले चार दिवस नवरा-बायकोला वाटत होतं की भांडणाशिवाय ती जमणार नाही. त्यामुळे ते अकराच्या सुमाराला आठवणीने एखादा विषय काढत. पाचव्या दिवशी दोघांचं पटलं, आणि तरीही खरवड चांगली झाली. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला, म्हणजे माझ्यातच.

मित्रांनो, खरवड करायची रीत सोपी दिसते. माझ्यावर एकदा झाकण बसलं की ते उतरेपर्यंत काढायचं नाही. मधेच उचललं तर झाकणावरचं पाणी आत टपकतं आणि कुरकुरीतपणा मेला म्हणून समजा. म्हणजे आत काय चाललंय ते बाहेरूनच ओळखायचं. बाई झाकणाच्या कडेशी नाक नेत, थोडं थांबत, पुन्हा नेत. मग म्हणत, “चला.” त्यासरशी नवरा एक कडी धरी, बाई दुसरी धरत आणि मी खाली येई. ‘चला’ मिनिटभर लवकर झालं तर खरवड चिवट, आणि मिनिटभर उशिरा झालं तर करपट. वीस-पंचवीस वर्षांत बाईंचा ‘चला’ चुकल्याचं मला आठवत नाही. तोवर बाईंना सगळे मावशी म्हणू लागले होते.

माझा तळ काही वाढवता येत नाही. त्यातून चाळीस वाट्या खरवड निघते, एकेचाळिसावी निघत नाही. दारावर एक लाकडी फळी टांगलेली असे. तिच्या एका अंगाला ‘खरवड आहे’ आणि दुसऱ्या अंगाला ‘खरवड संपली’ असं लिहिलं होतं. माझ्या मते आमची कीर्ती पहिल्या बाजूने पसरली नाही, दुसऱ्या बाजूने पसरली. जे मिळतं ते माणूस खातो आणि विसरतो. जे मिळालं नाही त्याच्याबद्दल तो गावभर सांगतो. मालवाहू गाड्यांचे चालक आले, मग वर्तमानपत्रवाले आले, मग नुसती हौशी माणसं लांबून लांबून येऊ लागली. काही जण सकाळी साडेदहापासून रस्त्यावर उभे राहत आणि शिंप्याच्या दुकानाची काच आरसा म्हणून वापरत.

चुलीवर बसून बसून मी एक नियम काढला आहे. माणूस जितक्या लांबून येतो तितकं त्याला जेवण जास्त आवडतं. दोन गल्ल्यांवरून आलेला म्हणतो, “बरं आहे.” शेजारच्या गावाहून आलेला म्हणतो, “छान आहे हं.” आठ तास गाडी हाकून आलेला डोळे मिटून घेतो. त्याने डोळे घास तोंडात जायच्या आधीच मिटलेले असतात, हे मी खिडकीतून स्वतः पाहिलं आहे. त्याचाही इलाज नसतो. त्याने रजा काढलेली असते, पेट्रोल जाळलेलं असतं आणि बायकोला वाटेत तीनदा “तू बघच” असं सांगितलेलं असतं. आता त्याने म्हणायचं तरी काय?

मालक, म्हणजे मावशींचे यजमान, गेले त्या वर्षी खानावळ महिनाभर बंद होती. मग एका सकाळी मावशींनी मला चुलीवर चढवलं. अकरा वाजून गेल्यावर त्यांनी नाक झाकणाशी नेलं, “चला” म्हणाल्या आणि एक कडी धरून उभ्या राहिल्या. दुसरी कडी धरायला कोणी नव्हतं. त्यांनी वाढायच्या खिडकीच्या लोखंडी चौकटीवर उलथनं दोनदा आपटलं. शिंपी गळ्यात टेप घेऊन रस्ता ओलांडून आला, त्याने कडी धरली, मला उतरवलं आणि परत गेला. त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला. या व्यवस्थेबद्दल दोघं कधी बोलल्याचं मी ऐकलेलं नाही.

आता मी दुःखाच्या भागाकडे येतो.

दोन वर्षांपूर्वी मावशींना मोठा ताप आला. त्यांची लेक मोठ्या शहरात नोकरी करते. ती रजा घेऊन धावत आली. ताप उतरला, मावशी उठल्या, आणि लेकीने बोलायला सुरुवात केली.

“आई, आता बास. माझ्याकडे चल. तुला वेगळी खोली आहे, बाल्कनी आहे.”

“बाल्कनीत काय करू?”

“काही करू नकोस. तेच तर सांगतेय.”

“काही न करायला मला अजून जमत नाही गं.”

शेवटी महिनाभर बघायचं ठरलं. लेक महिनाभर राहील, बाहेरचं सांभाळील, आणि आईला झेपत नाही असं दिसलं तर खानावळीला कुलूप. लेक कामाची होती. तिने आल्या आल्या स्वयंपाकघरात धूर ओढणारा पंखा बसवला. तो चालू झाला की आपण आगबोटीच्या पोटात बसलो आहोत असं वाटे. शिंपी नेमका तेव्हा मोतीबिंदू काढायला मुलाकडे गेला होता, म्हणून माझी दुसरी कडीही लेकच धरू लागली.

पहिल्या दिवशी अकरा वाजता मावशींनी झाकणाशी नाक नेलं. पुन्हा नेलं. मग माझ्या इतक्या जवळ आल्या की त्यांच्या कपाळाला चटका बसला. त्यानंतर त्यांनी कॉफीची बरणी उघडली, हुंगली, बंद केली. मसाल्याचा डबा उघडला, बंद केला. कांदा चिरून नाकाला लावला. डोळ्यांतून पाणी आलं. ते कांद्याचं होतं असं आपण धरून चालू.

तापात त्यांचं नाक गेलं होतं.

“आई, झालं का?” लेकीने खिडकीतून विचारलं.

मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. “चला,” त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून मला घड्याळावर उतरवू लागले. मित्रांनो, घड्याळाला तांदूळ नवा की जुना ते कळत नाही. आच आज मोठी आहे की बारीक तेही कळत नाही. खरवड करपली. थोडीथोडकी नाही, कडू झाली. मावशींची जीभही नाकाबरोबर गेली होती, त्यामुळे चाखून काही उपयोग नव्हता. लेक खरवड खात नसे. लहानपणी रोज खाऊन ती कंटाळली होती आणि खानावळीत बसून ब्रेडला लोणी लावून खायची.

मी खिडकीतून बघत होतो. पाच तास प्रवास करून आलेलं एक जोडपं पहिल्याच टेबलावर बसलं होतं. दोघांनी घास घेतला. दोघं चावायची थांबली. त्याने तिच्याकडे पाहिलं, तिने त्याच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आता बोलतील.

“वा!” तो म्हणाला.

“वेगळंच आहे ना?” ती म्हणाली.

“धुराची एक... खोली आहे याला.”

पुढच्या टेबलाने ते ऐकलं आणि त्यांनाही खोली जाणवली. संध्याकाळी लेक फोनमध्ये बघून गिऱ्हाइकांचे अभिप्राय आईला मोठ्याने वाचून दाखवत होती. “ऐक. ‘आता ही खरवड गंभीर झाली आहे. तिच्यात एक प्रौढ कडवटपणा आला आहे.’ आणि हे बघ, पाचपैकी पाच!”

मावशी मला घासत होत्या. माझ्या तळाला काळा, कोळशासारखा थर होता. तो जाड मिठाने तासभर घासूनही निघाला नव्हता. त्यांचे हात थांबले. त्यांनी थराकडे बघितलं, लेकीच्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि पुन्हा घासू लागल्या. मला त्यांचा राग आला नाही. एका बाजूला पाचपैकी पाच होते आणि दुसऱ्या बाजूला एक टोप होता. आपल्या घरच्या टोपावर विश्वास ठेवणं फार थोड्यांना जमतं.

असे बावीस दिवस गेले. गर्दी वाढली. ‘धुराची खरवड’ खायला माणसं आणखी लांबून येऊ लागली, आणि जितकी लांबून येत तितकी जास्त गंभीर होऊन जात. लेक तर म्हणू लागली, “आई, तुला छान झेपतंय की!” मावशी हसत. पण रात्री चेपलेलं भांडं जसं सकाळच्या उजेडात दिसतं, तसा त्यांचा चेहरा सकाळी मला झाकण लावताना दिसायचा.

तेविसाव्या दिवशी दुपारी शिंपी मुलाकडून परतला. डोळ्यांवर काळा चष्मा होता. दुकानही न उघडता तो थेट खानावळीत येऊन आपल्या जागेवर बसला. लेकीने कौतुकाने वाटी पुढे ठेवली. त्याने घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात आला.

“वहिनी, करपलंय.”

लेक त्याच्या मागोमाग आत आली होती. “काका, काहीतरीच काय! लोक कुठून कुठून येतायत, सगळ्यांना आवडतंय.”

“लोकांना परत जायचं असतं, पोरी. चांगलं म्हणतात आणि गाडीत बसतात. मला उद्या पुन्हा इथेच जेवायचंय.”

मावशी उलथनं पुसत राहिल्या. शिंप्याने काळा चष्मा काढला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं.

“काय झालंय, वहिनी?”

“नाक गेलंय,” मावशी म्हणाल्या. “तापापासून. मला काही म्हणता काही कळत नाही. जेवते तेही कागद खाल्ल्यासारखं.”

लेक भिंतीला टेकली. “आई, महिना होत आला. मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू बॅग भरली असतीस.”

“मी कशाला भरेन माझी बॅग?”

“तुझी नाही. माझी.”

लेकीने भिंत सोडली. ती बाहेर गेली आणि तिने स्वतःच्या हाताने फळी उलटी केली. आत अजून एकोणीस वाट्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं होतं, आपण काही आज चुलीवर चढत नाही. पण नऊ वाजता लेकीनेच मला उचललं. “आज मी वास घेते,” ती म्हणाली. “तू फक्त सांग, कसा यायला हवा.” शिंपी कडी धरायला म्हणून आधीच येऊन स्टुलावर बसला होता. वासाच्या कामी त्याचा उपयोग शून्य होता. चाळीस वर्षं तपकीर ओढून त्याचं नाक फक्त चष्मा ठेवायच्या कामाचं उरलं होतं.

अकराच्या पुढे लेक झाकणाशी वाकली. “भाताचा येतोय. कांद्याचा येतोय. आता?”

“अजून नाही. तो वेगळा असतो.”

“वेगळा म्हणजे कसा?”

“म्हणजे...” मावशी हवेत हात फिरवू लागल्या. “इस्त्री केलेला सदरा असतो ना, गरम? तसा. पण गोडसर.”

“गोड सदरा?”

“तुझ्या बाबांचा सदरा.”

“आई, बाबांच्या सदऱ्याला कांद्याचाच वास यायचा!”

“तुला काय माहीत? मी धूत होते.”

“इस्त्री मी करायचो,” शिंपी म्हणाला. “गोड वगैरे काही नव्हता.”

पंख्याच्या घरघरीत तिघं एकमेकांवर ओरडत होती. “थांबा, मला धड ऐकूही येत नाहीये!” असं म्हणून लेकीने पंखा बंद केला.

एकदम शांत झालं. आणि मित्रांनो, त्या शांततेत माझं बोलणं ऐकू आलं. मी ते रोजच बोलतो. आधी रस्सा असतो तोवर बुडबुडतो. रस्सा आटला की तडतडतो. मग गप्प होतो, आणि त्या गप्प राहण्यात खरवडीला रंग चढतो. तो पुरा चढला की पातळ बाजू जाड बाजूच्या पुढे तापते, माझा तळ जागच्या जागी सरकतो आणि मी म्हणतो,

टण्.

मावशींचा हात आपोआप कडीकडे गेला. “चला,” त्या म्हणाल्या. आणि मग स्वतःच दचकल्या.

“वास आला?” लेकीने विचारलं.

“नाही. ह्याने सांगितलं.”

इतकी वर्षं त्यांच्या कानांनी माझं ऐकलं होतं आणि श्रेय नाकाने खाल्लं होतं. नाक पुढे असतं, त्याचं नाव होतं. कान बिचारे बाजूला असतात.

मला उतरवलं. लेकीने झाकण काढलं, पहिली वाटी खरवडली आणि शिंप्यापुढे धरली. दारावर गर्दी होती, पण मावशींनी कोणाला वाढू दिलं नाही. शिंपी चावत होता. तो फार सावकाश चावतो.

“बरं आहे,” तो म्हणाला.

मावशी स्टुलावर बसल्या आणि पदरात तोंड लपवून रडल्या. तेव्हा कांदा चिरलेला नव्हता.

त्या दिवशी नऊ तासांवरून आलेल्या एका गृहस्थांनी खरवड खाऊन लेकीला बोलावलं. “धुराचं काय झालं? आम्ही वाचून आलो होतो.” लेक म्हणाली, “धूर संपला. खरवड आहे.” ते नाराज होऊन गेले आणि त्यांनी पाचपैकी दोन दिले. लेकीने तेही आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, “बघ, आता खरं लिहायला लागले.” ते खरं नव्हतं, पण मी मधे बोललो नाही.

महिना संपला तशी लेक परत गेली. जाताना तिने दोन अटी घातल्या. साडेअकरानंतर पंखा बंद ठेवायचा, आणि पहिली वाटी समोरच्या दुकानात गेल्याशिवाय फळी ‘खरवड आहे’कडे फिरवायची नाही. बॅग एकच भरली गेली. तिचीच. मावशींचं नाक अजून आलेलं नाही. एखाद्या सकाळी कॉफीची बरणी त्या उगाच उघडून बघतात.

आता एकच विनवणी. मध्यंतरी एका पाहुण्याने मला रंग देऊन, काचेच्या पेटीत घालून दारात ठेवायची सूचना केली. हेतू चांगला होता. पण मित्रांनो, मला जपायचं असेल तर तसं जपू नका. मला मिठाने घासा, कोरडा करा, आणि मी चुलीवर असताना जरा आवाज कमी ठेवा. तुमच्या घरातही कोणीतरी कमी बोलणारं, फुली मारलेलं असेल. ते दिवसातून एकदाच काहीतरी म्हणतं. तेवढं ऐका.

आत्ता बाराला पाच कमी आहेत. मी खाली उतरलो आहे. दारावर चाळीसहून जास्त माणसं आहेत आणि त्यांतल्या काहींनी डोळे मिटायची तयारीही केली आहे. मावशी त्यांच्याकडे बघत नाहीत. त्या खिडकीतून रस्त्यापलीकडे बघतायत. शिंप्याने वाटी संपवली, मिशी पुसली आणि वाटी मशीनच्या काठावर ठेवली. करपलेली असती तर तो रस्ता ओलांडून आला असता. त्याने पायडलवर पाय ठेवला. मशीन खडखडू लागलं.

मावशींनी फळी फिरवली.